सरकी, तूर आणि चिंचोका

ढाणकीला मी खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालकांनी माझ्याशी हात मिळवला आणि सोडलाच नाही. अंगठ्यानं माझा तळवा दोनदा चोळला, डोळे मिटले आणि म्हणाले, "सत्तावीस. धागा बरा हाये, कचरा जास्त हाये. ऱ्हा."

माझं वय तेव्हा खरंच सत्तावीस होतं. त्यामुळं हा माणूस ज्योतिषी असावा, अशी माझी आठवडाभर समजूत होती. मग कळलं की ते गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये ग्रेडर आहेत. कापसाची गाडी आली की गाडीत हात खुपसायचा, मूठभर कापूस काढायचा, त्यातला पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी मिलिमीटरमध्ये सांगायची, हे त्यांचं काम. वीसेक वर्षं तेच केल्यामुळं त्यांना जगातली प्रत्येक वस्तू ओढून बघायची सवय लागली होती. भाकरी तोडताना ते क्षणभर थांबायचे. "पंचवीस," म्हणायचे, आणि मग खायचे. आमच्या कॉलेजचे प्राचार्य एकदा त्यांना रस्त्यात भेटले, तर घरी येऊन मला सांगतात, "तुमचे प्राचार्य ओले हायेत. उन्हात ठेवा लागते." माणूस काही चुकीचं बोलत नव्हता.

त्यांच्या भुवयांत कायम रुई अडकलेली असे आणि शर्टाच्या खिशात सरकी. गाव त्यांना ग्रेडरसाहेब म्हणायचं, मीही तेच म्हणायचो. ते मला मास्तर म्हणायचे. मी ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर गणित शिकवत होतो, म्हणजे मास्तर होतो आणि नव्हतोही. पण ते पुढं येईलच.

पहिल्याच रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी माझं दार वाजवलं. "मास्तर, तलवार चालवता येते काय?"

"नाही."

"शिकून जाल. या."

खाली ओसरीवर सतरंजी अंथरली होती. एका कोपऱ्यात आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई बसल्या होत्या, दुसऱ्यात पुसदच्या गाडीवरचे कंडक्टर. मधे हातानं काढलेला नकाशा, स्पायरल बांधणीचं जाडजूड झेरॉक्स पुस्तक आणि वीस बाजूंचा एक फासा. तो फासा मी गणिताच्या पुस्तकात पाहिला होता, हातात कधी घेतला नव्हता.

खेळ साधा होता, म्हणजे सांगायला. प्रत्येकानं एक पात्र व्हायचं. ग्रेडरसाहेब गोष्ट सांगणार, पंच तेच. जंगलात शिरलात, समोर राक्षस आहे, काय करता? तुम्ही काय करता ते सांगायचं, फासा टाकायचा, आणि जमलं की नाही ते फाशानं ठरवायचं. नर्सबाई चोर होत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी दवाखान्यातलं पेनसुद्धा घरी नेलं नव्हतं, पण रविवारी दुपारी त्या राजवाडे साफ करायच्या. कंडक्टर तिरंदाज. मला तलवार मिळाली. पुस्तकातल्या परदेशी गुहा-किल्ल्यांच्या जागी ग्रेडरसाहेबांनी पैनगंगेचं खोरं घातलं होतं, त्यामुळं आम्ही तीन वर्षांत एकाही बर्फाच्या डोंगरावर गेलो नाही. राक्षस मात्र झरी जामणीच्या सागाएवढे उंच असत.

चौथं पात्र होतं बिजली. तिच्या जागी सतरंजीवर कोणी बसत नसे, नुसत्या दोन स्टीलच्या वाट्या असत.

बिजली ही ग्रेडरसाहेबांच्या मुलीची. खेळही तिचाच. इंजिनीअरिंगला असताना होस्टेलवर शिकली, सुट्टीत घरी आणला, बापाला शिकवला, आणि नोकरीला पुण्याला गेली ती पुस्तक आणि फासा मागं ठेवून. पहिल्या वर्षी ती फोनवरून खेळायची. मग तिचं काम वाढलं. "बाबा, बिजलीला तुम्हीच चालवा. काय झालं ते मला नंतर सांगा," असं तिनं सांगितलं. तेव्हापासून आम्ही दोन ते चार खेळायचो आणि पाचला तिचा फोन यायचा. ग्रेडरसाहेब तिला त्या दिवशीची सगळी लढाई सांगायचे, हातवारे करून, जणू तिला ते दिसत होते.

मुलीची आई ती आठ वर्षांची असताना वारली. त्यानंतर घरात दोघंच. हे मला त्यांनी एकदा वेणी घालण्याबद्दल बोलता बोलता सांगितलं. "तीन पेडाची येत होती मले. चार पेडाची शेजारीण घालून द्याची," एवढंच म्हणाले.

आता बिजलीच्या वाट्यांविषयी सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच अडलं.

खेळात जादूगाराला मंत्र म्हणायचा तर खण लागतो. लहान मंत्राला लहान खण, मधल्याला मधला, मोठ्याला मोठा. एक मंत्र म्हटला की एक खण रिकामा, आणि पात्र रात्रभर झोपलं की सगळे पुन्हा भरतात. पात्र अनुभवानं एकेक पायरी चढतं आणि पायरीगणिक खण वाढतात. पुस्तकात त्याचा तक्ता असतो. इतपत सोपं. पण बिजलीनं दोन विद्या घेतल्या होत्या. ती तीन पायऱ्या जादूगार होती आणि तीन पायऱ्या वैदू.

वैदू हा शब्द ग्रेडरसाहेबांचा. पुस्तकात तिथं देवाची भक्ती करून जखमा भरणारा पुजारी होता. ते म्हणाले, "आमच्या आज्यानं बुद्धाची वाट धरली तवापासून घरात पुजारी नाई. आता खेळात कायले आणू?"

"पण जादू चालते?" मी विचारलं.

"जादू खोटी हाये हे सगळ्याइले मालूम हाये. म्हणून चालते."

तर तीन पायऱ्यांच्या जादूगाराला चार लहान खण आणि दोन मधले. तीन पायऱ्यांच्या वैदूलाही तेवढेच. मग दोन्ही असलेल्याला किती? मी गणितातला माणूस, पहिल्याच दिवशी विचारलं. ग्रेडरसाहेबांनी माझ्याकडं कीव येऊन पाहिलं. जिनिंगच्या आवारातला पहिला नियम त्यांनी मला सांगितला: दोन गाड्यांचा माल एका गंजीत टाकायचा नाही. एकोणतीसचा कापूस आणि पंचवीसचा कापूस मिसळला की दोन्ही पंचवीसच्या भावानं जातात. म्हणून बिजलीच्या दोन वाट्या. एक जादूगाराची, एक वैदूची. लहान खणाला सरकीचा दाणा, मधल्याला तुरीचा. प्रत्येक वाटीत चार सरक्या, दोन तुरी. एकूण बारा दाणे. मंत्र म्हटला की दाणा काढून पेपरवर ठेवायचा.

"पुस्तकात असंच आहे?" मी विचारलं.

"अंगठा एकदाच बोलते, मास्तर." हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं.

त्या वर्षी गुलाबी अळी आली. बाहेरून बोंड हिरवंगार दिसायचं आणि फोडलं की आत अळी आणि पिवळा, चिकटलेला कापूस. त्या मालाला कवडी म्हणतात. ग्रेडरसाहेब दिवसभर कवडी ओढायचे आणि संध्याकाळी साबणानं अंगठे घासत बसायचे. गावात जो तो दुसरं काही तरी बघायला लागला होता. कंडक्टरांनी शेतात कापूस सोडून सोयाबीन घातलं, नर्सबाई साड्या विकायला लागल्या, आणि मी कॉलेज सुटल्यावर शिकवण्या आणि त्यानंतर तहसीलसमोर अर्ज टाइप करून द्यायचो. ग्रेडरसाहेबांनी आमची सगळ्यांची मोजणी केली. "मास्तर, तुम्ही तीन पायऱ्या मास्तर, दोन पायऱ्या शिकवणीवाले न् एक पायरी टायपिस्ट. म्हणूनच मोठा मंत्र तुमाले एकबी येत नाई." मला राग आला. खरं होतं म्हणून जास्त आला.

आणि रविवारी त्यांनी आमच्यासमोर हत्तीएवढी गुलाबी अळी उभी केली. आठवडाभराचा सगळा राग त्या अळीत भरला होता. चार वाजून गेले तरी लढाई संपेना. कंडक्टर पडले, नर्सबाई पळाल्या, मी अर्धमेला. बिजलीच्या वाट्यांतले अकरा दाणे पेपरवर आले होते. शेवटची सरकी वैदूच्या वाटीत होती. ग्रेडरसाहेबांनी ती उचलली, बिजलीनं स्वतःची जखम भरली, पुढच्या फाशाला माझी तलवार अळीच्या डोळ्यात गेली आणि अळी मेली.

आम्ही टाळ्या वाजवल्या. ग्रेडरसाहेबांनी कपाळ पुसलं. "वाचली रे बावा," ते हळूच म्हणाले. "ही मेली असती तं रविवारी पोरीसंग मी काय बोललो असतो?"

मला हसू आलं होतं, ते तिथंच राहिलं. तोवर मला वाटायचं, खेळ झाला की फोन येतो. फोन यावा म्हणून खेळ होता, हे मला त्या दिवशी कळलं. खेळाच्या आधी बापलेकीचं बोलणं कसं व्हायचं, ते नर्सबाईंनी मग मला सांगितलं: बरी हाये काय, बरी आहे, ठेवू काय, ठेवा. मायेला कमी नव्हती, शब्दांना होती.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मला ते पान सापडलं.

ग्रेडरसाहेब जिनिंगमध्ये होते. मी माझ्या तलवारीचा काही नियम बघायला पुस्तक उघडलं, तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली. कधी तरी चहा सांडला असणार. मी नखानं हलकेच सोडवली. आत होता दोन विद्या घेणाऱ्यांच्या खणांचा नियम. खण वेगळे मोजायचेच नव्हते. पायऱ्या मिसळायच्या, तीन आणि तीन सहा, आणि तक्त्यातली सहावी ओळ बघायची: चार लहान, तीन मधले, तीन मोठे. एकूण दहा.

बिजलीनं बारा वापरले होते.

मी काय केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी डब्यातून भाताची शितं आणली आणि ती पानं परत चिकटवली. चांगली दाबून, वर गॅझेटिअर ठेवून वाळवली. गणिताचा मास्तर असून मी बेरीज लपवली. माझ्यापुरतं मी ठरवलं होतं, की एका माणसाचा रविवार वाचत असेल तर दोन सरक्या हवेतून आल्या तरी चालेल.

पुढच्या रविवारी त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पानं चाळली आणि थांबले. अंगठा आणि तर्जनीत एक पान धरून त्यांनी डोळे मिटले. "हे पान जाड हाये."

"चहा सांडलाय," मी म्हणालो.

"चहाचं जाड वेगळं, मास्तर. हा भात हाये."

कंडक्टर आणि नर्सबाई माझ्याकडं बघत होते. मी सगळं सांगून टाकलं. ग्रेडरसाहेबांनी पाणी लावून पान सोडवलं, चष्मा पुसला आणि बोट फिरवत तीन वेळा वाचलं. मला वाटलं, आता माझं सामान रस्त्यावर. पण ते माझ्यावर रागावलेच नाहीत. ते एका ओळीवर अडकले होते.

"मास्तर, हे समजावून सांगा. खण सहा पायऱ्यांचे, पण मंत्र?"

"मंत्र ज्याचे त्याला. वैदू तीन पायऱ्यांची आहे, तर तिला तीन पायऱ्यांच्या वैदूचेच मंत्र येणार. जादूगाराचंही तसंच. मोठे खण मिळतात, पण मोठा मंत्र एकही येत नाही."

"मंग मोठ्या खणाचं कराचं काय?"

"त्यात लहान मंत्र घालायचा. चालतो. जास्त जोरानं लागतो."

ते वाट्यांकडं बघत म्हणाले, "म्हंजे मी तीन पायऱ्या माय, तीन पायऱ्या बाप. खण मोठाले भेटले, न् मंत्र तं लहानच येत होते." नर्सबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांनी मात्र दोन्ही वाट्या एका वाटीत रिकाम्या केल्या, दाणे नीट मोजून घेतले आणि उठून स्वयंपाकघरातून तीन चिंचोके आणले. चार सरक्या, तीन तुरी, तीन चिंचोके.

"फेरनमुना," ते म्हणाले.

जिनिंगमध्ये हा रिवाज आहे. ग्रेड पटली नाही तर गाडीवाला फेरनमुना मागू शकतो. मग सगळ्यांसमोर गाडीच्या पोटातून नवा पुंजका काढायचा आणि पुन्हा ओढायचा. ग्रेडरसाहेबांच्या अंगठ्यावर तोवर कोणी फेरनमुना मागितला नव्हता. त्यांनी स्वतःवरच मागितला.

"साहेब, झालं ते झालं," कंडक्टर म्हणाले. "अळी मेली. आता कायले उकरता?"

"कवडी चांगल्या गंजीत लपवली तं कवडी चांगली होत नाई. गंजी खराब होते."

"आणि बिजली मेली तर?" मी विचारलं.

"तं मेली." आवाज धड होता, पण हातातला चिंचोका ते उगाच पुसत होते.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्यांनी त्या घरात मी असताना कधीच केली नव्हती. त्यांनी स्वतःहून मुलीला फोन लावला. दुपारी सव्वादोनला. ती घाबरूनच बोलली. "काय झालं बाबा? बरे आहात ना?"

"बरा हाये. माझा अंगठा चुकला. तुह्या बिजलीचा फेरनमुना हाये. तू सोता खेळ."

पलीकडं ती हसली. "थांबा, दार लावून येते."

फासा तिच्या वतीनं नर्सबाईंनी टाकायचा असं ठरलं, चोर असल्या तरी. लढाई पुन्हा सुरू झाली. आणि ती पोरगी काय खेळली! दोन वर्षं आम्ही बिजलीला फुंकर मारून जपलं होतं, तिनं पहिल्याच डावात मोठ्या खणात लहानसा आगीचा मंत्र घालून अळीचं निम्मं अंग भाजून काढलं. "बाबा, चिंचोका काढा," ती ओरडायची, आणि ग्रेडरसाहेब आज्ञाधारकपणे चिंचोका पेपरवर ठेवायचे. खूप दिवसांनी त्या ओसरीवर एवढा दंगा झाला.

पण अळी अळीच होती. शेवटी वाटीत एकच चिंचोका उरला. बिजली जमिनीवर, जखमी, जेमतेम शुद्धीत. मी तिच्यापेक्षा वाईट, बेशुद्ध. तलवार माझ्याकडं, म्हणजे अळीला मारू शकणारा मीच. चिंचोका तिनं स्वतःवर वापरला तर ती वाचणार आणि अळी आम्हा तिघांना खाणार. माझ्यावर वापरला तर मी उठणार, पण माझा वार होण्याआधी अळीची पाळी होती, आणि ती बिजलीवरच येणार.

ग्रेडरसाहेबांनी परिस्थिती सांगितली. पंचाला शोभेल अशी, कुठंही न झुकता.

"मास्तरांना उठवते," ती म्हणाली.

"पोरी, इचार कर."

"केला, बाबा. जखम भरायचा लहान मंत्र, मोठ्या खणात."

चिंचोका पेपरवर आला. मी उठलो. अळी बिजलीवर पडली. मी अळीला मारलं, आणि मग बिजलीच्या जिवाचे फासे नर्सबाईंनी टाकले. दहाच्या वर पडला तर तग, खाली पडला तर एक पाऊल पलीकडं, तीन पावलांत खेळ संपला. सात. चार. नर्सबाईंनी तिसऱ्यांदा फासा दोन्ही हातांत घोळवला, डोळे मिटून सोडला. नऊ.

"गेली," ग्रेडरसाहेब म्हणाले.

फोनमधून ती म्हणाली, "मस्त गेली, बाबा." आणि मग, "चला, ठेवते. कपडे भिजत घातलेत."

तो आठवडा ते नेहमीसारखेच वागले. म्हणजे भाकरीला चोवीस म्हणाले आणि दुधवाल्याला कवडी. पण रविवारी दोनला सतरंजी अंथरली नाही. कंडक्टर आणि नर्सबाई येऊन, बघून परत गेले. मी मुद्दाम ओसरीवर पेपर वाचत बसलो. एकच पान तासभर. ग्रेडरसाहेब खुर्चीत बसले होते, पुढं स्टुलावर फोन आणि ती वाटी, दहाच्या दहा दाण्यांनी भरलेली. बिजली नव्हती, तरी दाणे मोजून भरून ठेवले होते.

पाच वाजले. सव्वापाच झाले. ते उठले, साबणानं अंगठे धुऊन आले, परत बसले. मला त्या क्षणी ते पान चिकटवणारा मी शहाणा वाटत होतो.

पाच वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला.

त्यांनी तो दोनदा वाजू दिला. उचलला. "हां," म्हणाले. पलीकडं तीही काही बोलत नसावी, कारण ते नुसते बसून राहिले. सांगायला अळी नव्हती, जंगल नव्हतं, बिजली नव्हती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पेपरात तोंड घातलं.

"जेवली काय?" त्यांनी विचारलं. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला.

आणि वाटीतला एक चिंचोका उचलून त्यांनी स्टुलाच्या कडेला ठेवला.

मी उठून वर गेलो. तासाभरानं चहा घेऊन खाली आलो, तेव्हा तिन्ही चिंचोके कडेला होते, आणि ते अजून कानाला फोन लावून नुसते "हां, हां" करत होते.